नॅशव्हिल हॉट चिकन: कोणती लेव्हल घेऊ? शुक्रवारी जायचंय, लवकर सांगा

भायखळा_स्लो:
मंडळी जरा सल्ला द्या. ऑफिसच्या ग्रुपचं ठरलंय की वांद्र्याला ते हॉट चिकनवालं हॉटेल आहे ना, जिथे रविवारी लोक नाव लिहून फुटपाथवर ताटकळत उभे असतात, तिथे जायचं. मेनूवर लेव्हल आहेत, पहिलीत मसालाच नाही आणि शेवटची घ्यायची तर म्हणे आधी मोबाईलवर काहीतरी कबूल करून घेतात की आम्ही आमच्या जबाबदारीवर खातोय वगैरे. ग्रुपमधला एक सातारकर आत्तापासून उड्या मारतोय की मी डायरेक्ट शेवटची घेणार, आणि मला चिडवतोय की तुम्ही कोकणातले लोक सगळ्यात नारळ घालता, तुम्हाला काय झेपणार. आता मी घरी मटणाचं सुकं, ठेचा, सुक्या बोंबलाची चटणी सगळं हाणतो, त्यामुळे अमेरिकन लोकांचं तिखट ते असून असून किती असणार असं मला वाटतं. पण रील बघितल्या तर लोक ढसाढसा रडतायत राव. ते व्ह्यूजसाठी करतात की खरंच तसं असतं? ज्यांनी खाल्लंय त्यांनीच सांगा. आणि टीममधल्या एकीला ॲसिडिटी आहे, तिने यावं की नको?

तांबडा_रस्सा_फॅन:
शेवटची घ्या बिनधास्त. आम्ही कोल्हापूरची माणसं, सकाळी नाष्ट्याला मिसळीचा कट वाटीने पितो. हे सगळं पुण्यामुंबईच्या पोरांना घाबरवायचं मार्केटिंग आहे. दीडशेचं चिकन पाचशेला विकायचं तर फॉर्म भरून घ्यावाच लागतो 😂

लालबागची_मिरची:
वरच्या भाऊंचं मनावर घेऊ नका, शुक्रवारी रात्री फसाल. आमच्या घरी पिढीजात मसाल्याचं काम आहे, एप्रिल-मे मध्ये गल्लीत पाऊल टाकलं की माणूस शिंकत शिंकतच बाहेर पडतो, त्यामुळे तिखटाची भीती मला घालू नका, पण हे प्रकरण वेगळं आहे आणि का वेगळं आहे ते सांगते.

आपल्या रश्श्यात मिरची शिजते. कांदा, खोबरं, आलं-लसूण, गरम मसाला, वर पाणी, आणि मग आपण ते भाकरीशी नाहीतर भाताशी कालवून खातो. म्हणजे एका घासात मिरची जाते किती? हॉट चिकनमध्ये चिकन आधी ताकात, म्हणजे त्यांच्या बटरमिल्कमध्ये, मुरवतात, मैद्यात घोळवून तळतात, आणि तळून झाल्यावर वरून लेप देतात. तो लेप म्हणजे केयेन मिरचीची पूड, थोडी पॅप्रिका, लसणाची पूड, मीठ, ब्राउन शुगर, आणि त्यावर कढईतलंच कडकडीत तेल ओततात. मूळ पद्धतीत डुकराची चरबी असते, इथे मुंबईत बहुतेक ठिकाणी साधं तेलच. थोडक्यात मिरचीची फोडणी करून ती तुकड्यावर थापायची, आणि पाणी वगैरे टाकून पातळ करायचा प्रश्नच नाही. ते तेल ओठांना, हिरड्यांना चिकटून बसतं. पहिल्या घासाला साखर लागते, वाटतं अरे हे तर छान गोडसर आहे, म्हणून माणूस दुसरा मोठा घास घेतो आणि मग खालच्या ओठापासून सुरू होतं. मग कानाच्या पाळ्या गरम होतात. माझ्या जावेला तर उचकीच लागली, ती बोलायला तोंड उघडेना.

केयेन ३० ते ५० हजार स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं माप) आसपास असते, म्हणजे आपल्या गुंटूरच्याच घरातली. ती काही राक्षस नाही. पण वरच्या लेव्हलला बरेच लोक भूत जोलकिया नाहीतर कॅरोलिना रीपरची पूड मारतात, आणि भूत जोलकिया दहा लाखाच्या वर जाते, २००७ मध्ये गिनीजमध्ये जगातली सगळ्यात तिखट म्हणून तिची नोंद झाली होती. तिथे ठेचा खाणाऱ्याने छाती काढण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगू का, त्या लेव्हलला चवच नसते, नुसता जाळ आणि मागे एक कडवट वास. माझ्या मते मधली घ्या. त्यात लसूण लागतो, साखर लागते, चिकन लागतं.

परत_आलेला_परांजपे:
लालबागताईंना +१. मी नोकरीनिमित्त अमेरिकेत टेनेसीत, म्हणजे नॅशव्हिल ज्या राज्यात आहे तिथे, राहिलोय म्हणून थोडं तिकडचं सांगतो, कारण इथे सगळे याला नवीन फॅड समजतात. हे तिकडचं जुनं खाणं आहे, नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीतलं, १९३० च्या दशकापासूनचं. थॉर्नटन प्रिन्स नावाचा एक उंचापुरा देखणा गडी होता, बाहेरख्याली. अशी आख्यायिका आहे की एकदा रात्रभर बाहेर काढून सकाळी उगवला तेव्हा त्याच्या मैत्रिणीने अद्दल घडवायची म्हणून नाष्ट्याच्या तळलेल्या चिकनवर हाताला येईल तेवढी मिरची मारली. आणि गड्याला ते आवडलं! भावांना खायला घातलं आणि पुढे दुकानच टाकलं. त्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला त्या गोष्टीतली तीच बाई जास्त आवडते, धंदा तिच्या रेसिपीवर उभा राहिला आणि पाटीवर नाव याचं.

त्या काळात तिथे गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवायचा कायदा होता. तर ग्रँड ओल ऑप्री म्हणून रेडिओवरचा मोठा गाण्याचा कार्यक्रम असायचा, त्यातले गोरे गायक-वादक शो संपल्यावर रात्री या दुकानात यायचे, आणि त्यांना मागच्या दाराने आत येऊन मागच्या खोलीत बसावं लागायचं. पुढची जागा काळ्या गिऱ्हाइकांची. शहरात सगळीकडे उलटं चाललेलं असताना. पुढे १९८० मध्ये प्रिन्सची नात लागणारी आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांनी दुकान हातात घेतलं आणि त्यांच्याच काळात ते प्रिन्सेस हॉट चिकन शॅक झालं. २०१३ ला त्यांना जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा अमेरिकाज क्लासिक्स पुरस्कार मिळाला, खाण्याच्या धंद्यातला तिकडचा मोठा मान. बाकीच्या शहराला मात्र फार उशिरा जाग आली. २००७ पासून चार जुलैला हॉट चिकनचा उत्सव भरायला लागला, २०१२ ला हॅटी बीज (Hattie B's) नावाचं हॉटेल उघडलं जिथे टुरिस्ट लोक उन्हात रांगा लावतात, २०१६ ला केएफसीने अमेरिकाभर आपली आवृत्ती काढली आणि मग जगभर पसरलं.

तिकडे प्लेट म्हणजे काय तर खाली दोन साधे पांढरे ब्रेडचे स्लाइस, त्यावर हाडासकट लेग पीस नाहीतर ब्रेस्ट, वर लोणच्याच्या काकडीच्या चकत्या टूथपिकने टोचलेल्या. बस. तुकडा खाऊन होईपर्यंत खालचा ब्रेड लालभडक होऊन तेलाने पार लिबलिबीत झालेला असतो आणि ज्याला कळतं तो त्या ब्रेडसाठीच थांबलेला असतो. इथे मुंबईत बहुतेक बोनलेस टेंडर (बिनहाडाची लांबट पट्टी) नाहीतर बर्गर देतात, ब्रिओश बन, कोबीचं स्लॉ, मेयोनीजवालं सॉस. वाईट नसतं पण बन आणि मेयो मिळून अर्धं तिखट खाऊन टाकतात. हाडाचा पीस मिळत असेल तर तोच मागा. थायचं मांस रसाळ असतं, ब्रेस्ट तळून तळून खुळखुळा होतं.

गोळी_औषधवाली:
ॲसिडिटीचं मी सांगते, फार्मा लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. मिरचीतला कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला चिकटतो तोच रिसेप्टर चटका बसला हे मेंदूला सांगतो. साधारण ४३ डिग्रीच्या वर तो आपोआप चालू होतो आणि कॅप्सायसिन असला की त्याआधीच बोंब मारतो. म्हणजे तोंड खरं भाजत नाही, मेंदूला तसं वाटतं. हा रिसेप्टर शोधला म्हणून डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पटापुटियन यांच्याबरोबर विभागून. याचा तुम्हाला उपयोग काय, तर वाफाळता तुकडा तोंडात घातला की दोन्ही चटके एकदम बसतात, तोच पाच मिनिटं थांबून खाल्ला तर सुसह्य होतो. आणि तोच रिसेप्टर खाली पोटाआतड्यात शेवटपर्यंत असतो, त्यामुळे शनिवारी सकाळची मीटिंग ठेवू नका 😀

पाणी पिऊ नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, ते नुसतं तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक यातलं केसीन नावाचं प्रोटीन त्याला पकडून नेतं, म्हणून मिल्कशेक मागवा, तिथे असतोच. बिअरचा काही उपयोग नाही, त्यात अल्कोहोल असतं किती. कोल्ड्रिंकचा बुडबुडा तर आणखी चुरचुरतो. तुमच्या मैत्रिणीने यायला हरकत नाही पण बिनमसाल्याचं घ्यावं, आणि तळलेलंही बेतानेच. अल्सर किंवा कायमचा रिफ्लक्स (पोटातलं आम्ल घशाशी येणं) असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय वरच्या लेव्हलच्या नादी लागू नये. पैज वगैरे तर अजिबात नको.

आणि हो, हातमोजे देतील ते घाला. लेन्स लावणाऱ्यांनी तर आधीच चष्म्यावर यावं. साबणाने हात धुतले तरी नखात तेल राहतंच, रात्री लेन्स काढताना कळतं.

तांबडा_रस्सा_फॅन:
अहो ताई एवढं शास्त्र सांगून घाबरवलंत. पण तांबड्याला नावं ठेवायची नाहीत हां 😄 लालबागवाल्यांनी शिजण्याचा मुद्दा मांडला तो मान्य, पण आमच्याकडे तर्री वेगळी मागून घेतात, तेही तेलच की. आणि लवंगी मिरची कच्ची चावणारे लोक बघितलेत मी.

लालबागची_मिरची:
तर्री तेलच आहे, बरोबर. पण तुम्ही ती पावात बुडवून, वर फरसाण-कांदा घालून, लिंबू पिळून खाता. नुसती तर्री बोटाने ओठांना चोळून दहा मिनिटं बसून दाखवा, मग बोलू.

ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी, केयेनची डबी मॉलमध्ये अव्वाच्या सव्वा भावाने मिळते, काही गरज नाही. दोन भाग गुंटूर, एक भाग बेडगी घ्या. बेडगी रंगाला, तिखट जेमतेम. पूड अगदी बारीक वस्त्रगाळ हवी, भरड राहिली तर तेलात जळून काळी पडते. तेल धूर येण्याइतकं तापलेलं नको, गॅस बंद करून मिनिटभराने ओता आणि करताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर सगळी बिल्डिंग खोकत दारात येईल. साखरेला गूळ चालतो का विचारू नका, करून बघितलाय, गुठळ्या होतात.

भायखळा_स्लो:
बापरे एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. ठरलं, मी मधली घेतो, एक लेग पीस, आणि टेबलवर मिल्कशेक. सातारकराला तुमचा धागा पाठवला तर म्हणतो हे सगळे ब्राह्मणी तोंडाचे लोक आहेत 🤦 त्याला त्याचं घेऊ दे. ब्रेडवाली गोष्ट मला माहीतच नव्हती, मी तर तो बाजूला काढून ठेवला असता. अजून एक, ग्रुपमध्ये दोघं व्हेज आहेत, त्यांचं काय?

उपासाचा_शेंगदाणा:
आम्ही व्हेजवाले पण जाऊन आलोय. पनीरचं घेऊ नका, लेप बाहेर राहतो आणि आत पांढरा फिक्का गोळा. मशरूमचं असेल तर ते चांगलं लागतं, कव्हर कुरकुरीत राहतं. फक्त एकाच कढईत तळतात का ते विचारा, आमच्या इथे सरळ सांगितलं की हो एकच, मग आम्ही फ्राइज खाऊन उठलो. आणि शुक्रवार संध्याकाळ आहे तर साडेसातच्या आत पोचा, ग्रुप मोठा असेल तर एकत्र टेबल मिळायला लटकवतात.

परत_आलेला_परांजपे:
सातारकराला माझा निरोप द्या, तोंडाच्या जातीवर जाऊ नको, आधी एक टेंडर शेवटच्या लेव्हलचा वेगळा मागव आणि टेबलवर सगळ्यांनी चिमूट चिमूट चाखा. अख्खी प्लेट मागवली तर पैसे पण जातात आणि अन्न पण टाकावं लागतं. हॉटेलवाले बहुतेक ठिकाणी सुटा पीस देतात, विचारायला काय जातंय.

दादर_ते_डोंबिवली:
हेच पार्सल मागवलं तर कसं लागतं कोणी सांगेल का? आमच्याकडे डोंबिवलीला कुठे मिळणार, वांद्र्याहून कुणीतरी ट्रेनने आणेल.

लालबागची_मिरची:
कव्हर मऊ पडणार, ते टळत नाही. डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा म्हणजे वाफ कोंडत नाही, लोणचं आणि स्लॉ वेगळं बांधून घ्या, ब्रेड मात्र चिकनच्या खालीच राहू दे. घरी आल्यावर मायक्रोवेव्ह नको, तव्यावर मंद आचेवर जाळी ठेवून गरम करा. आणि गर्दीच्या लोकलमध्ये डबा उघडू नका म्हणजे झालं.