दाजी ताईला मारत नाहीत, तरी ही हिंसाच ना?

धाकटी:
ताई शाळेत शिकवते. पगार जमा झाला की दाजी त्याच दिवशी काढून घेतात, एटीएम कार्ड त्यांच्याच खिशात. राखीपौर्णिमेला आली तेव्हा एसटीच्या तिकिटाचे पैसे शेजारणीकडून उसने घेतले होते. रोज रात्री तिचा फोन तपासतात. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचा रात्री नऊला फोन आला, तर "हा का फोन करतो?" म्हणत तिला बाहेर काढून कडी लावली. पहाटेपर्यंत जिन्यात बसून होती. सासू म्हणते, घर माझ्या नावावर आहे, पटत नसेल तर चालती हो. आणि आमची आई म्हणते, हात तर उचलत नाही ना? कुठे जायचं तिने?

मोगरा:
हो, हिंसाच. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे सगळे छळ येतात. हात उचलत नाही या एका वाक्यावर मीही सहा वर्षं काढली गं. शेवटी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. नावावरून मला पोलीस वाटले होते, पण ते महिला व बालविकास विभागाचे असतात. तिथल्या मॅडमनी दोन तास ऐकून घेतलं, घटनेचा अहवाल भरून न्यायालयात पाठवला. वकील विधी सेवा प्राधिकरणाने फुकट दिला. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.
सासूच्या धमकीला घाबरू नका. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तिथे संसार करत असेल तर तिला राहण्याचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय.

अंगणवाडीताई:
१८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, पण ताईच्या मोबाइलवरून नको. पुन्हा बाहेर काढलं किंवा अंगावर आला तर थेट पोलिसांच्या ११२ वर. रात्री आसरा लागला तर 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, दागिन्यांच्या पावत्या आधी घराबाहेर काढा. पगार नव्या खात्यात वळवायची घाई मात्र नको. पैसा बंद झाला त्या दिवशी असा माणूस चवताळतो, तेव्हा राहायची सोय आधी हवी.

धाकटी:
ताईशी बोलले. जिन्यातल्या रात्रीचं विचारलं तेव्हा पहिल्यांदा रडली. शनिवारी तिची शाळा सकाळची असते. सुटल्यावर तिथेच माझ्या फोनवरून दोघी १८१ लावणार आहोत. पासबुक तिने वर्गाच्या कपाटात ठेवलंय, ते मी घेऊन येते.