एक टेस्ट म्हणजे नक्की किती टेस्ट?
डोपिंगच्या, म्हणजे खेळात बंदी असलेल्या औषधांच्या तपासणीसाठी एकदा बाहेरच्या लॅबची फी भरली की विषय संपला, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. लघवीत टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि एपिटेस्टोस्टेरॉन (त्याच्यासारखंच शरीरात बनणारं दुसरं द्रव्य) यांचं प्रमाण ४:१ च्या वर गेलं तरी ते बाहेरून घेतलंय की शरीराचंच आहे हे त्यावरून ठरत नाही, काहींचं जन्मतःच जास्त असतं. मग कार्बनच्या आयसोटोपची (कमी-जास्त वजनाच्या कार्बन अणूंची) वेगळी तपासणी लागते, मशीन वेगळं, सँपल साफ करण्यातच बराच वेळ जातो, आणि खरा खर्च तिथेच. ईपीओची (तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या हार्मोनची) जेलवरची टेस्ट पुन्हा निराळीच. माझ्या ओळखीच्या एकाने सप्लिमेंट तपासून घेतलं, रिपोर्ट क्लीन म्हणून खूश, नीट वाचलं तर फक्त स्टिरॉईड बघितलेले, स्टिम्युलंट्सचं (उत्तेजक द्रव्यांचं) नावच नाही! म्हणून पैसे भरायच्या आधी काय काय शोधणार त्याची यादी मागा.