मदत हवी आहे: व्हिटबीजवळचा तुरटीचा जुना कारखाना, सोबत गुडघेदुखी असलेले वडील

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये बाबा पुन्हा आमच्याकडे इंग्लंडला येताहेत. वय ७४. या वेळी त्यांना तीन दिवस व्हिटबीला न्यायचं ठरवलंय. तिथला समुद्र आणि जुना पडका मठ, म्हणजे ॲबी बघूच. ॲबीच्या १९९ पायऱ्यांची चिंता नाही, वरपर्यंत गाडी जाते. खरी ओढ आहे ती जवळच्या रेव्हन्सकारची.

बाबांनी ३१ वर्षं मिलच्या डाइंग खात्यात काढली. रंग पक्का बसायला तुरटी लागते हे मला शाळेच्या आधी त्यांनी शिकवलं. खडा जिभेला लावायला दिला होता, तोंड आखडलेलं अजून आठवतंय. आणि व्हिटबीच्या या किनाऱ्यावर सतराव्या शतकापासून १८७१ पर्यंत तुरटीच काढत होते! कड्यातला शेल दगड फोडायचा, ढीग रचून महिनोन्महिने जळत ठेवायचा, मग पाण्यात भिजवायचा. त्या पाण्यात समुद्री शेवाळाची राख नाहीतर शिळं मूत्र घालायचे, आणि ते मूत्र लंडनहून जहाजाने यायचं. फोनवर हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "मला ती जागा बघायचीय." ते सहसा काही मागत नाहीत हो.

रेव्हन्सकारला पीक अ‍ॅलम वर्क्सचे, म्हणजे तुरटीच्या जुन्या कारखान्याचे, अवशेष आहेत, पण ते गावाच्या खाली, उतारावर. बाबांना चढण जमते, उतरताना गुडघा दगा देतो. गेल्या वर्षी एका किल्ल्याची "सोपी वाट" म्हणून नेलं आणि निम्म्यावरून परतलो. गाडीत ते तासभर गप्प होते. तसं पुन्हा नको.

तर कोणी गेलं असेल तर सांगा, पायऱ्या आहेत का नुसता उतार? पावसानंतर घसरतं का? मध्ये टेकायला बाक वगैरे? सिंडर ट्रॅक म्हणजे १९६५ला बंद झालेल्या रेल्वेची वाट, त्यामुळे चढउतार सौम्य असणार. तिच्यावरून अवशेषांच्या जवळात जवळ कुठपर्यंत पोचता येतं?

एक जाता जाता. आईसाठी व्हिटबी जेटचं (दागिन्यांत वापरतात त्या इथल्या काळ्या दगडाचं) पेंडंट घ्यायचंय. खरं जेट वजनाला हलकं, हाताला काचेसारखं गार लागत नाही, आणि बिनग्लेजच्या फरशीवर घासलं तर तपकिरी रेघ उठते हे माहीत आहे, पण दुकानात कोण घासू देणार? तुम्ही कसं पारखून घेतलंत?

वयस्कर माणसाला सोबत घेऊन गेलेल्यांचा अनुभव असेल तर फार बरं होईल. तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.