चाळिशीनंतर टेनिस: आयुष्य वाढतं की कोपर जातं?

घोडबंदरकर
आमच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांत टेनिस कोर्ट असतं आणि त्यावर पोरं सायकली फिरवतात. जिमची फी वाचवा, ते कोर्ट वापरा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनच्या पाहणीत सुमारे ८,५०० लोकांचा २५ वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. बैठ्या लोकांपेक्षा टेनिसवाल्यांचं आयुर्मान ९.७ वर्षांनी जास्त निघालं, जॉगिंगवाल्यांचं ३.२.

संशयात्मा, नेरुळ
टेनिस खेळणाऱ्याकडे मुळात पैसा, सवड आणि चार दोस्त असतात; आयुष्य त्यानेही वाढतं. टेनिसमुळेच वाढलं, असं ती पाहणी सिद्ध करत नाही. सोसायटीचं कोर्ट म्हणजे बहुधा काँक्रीटवर रंगाचे थर. त्यावर फक्त रविवारी दोन तास, तेही पळायचे बूट घालून. त्यांची टाच मऊ आणि उंच; आडवं पाऊल पडलं की घोटा मुरगळलाच. पोटरीचं तर विचारू नका. मागून कुणी चेंडू मारला असं वाटतं, वळून बघावं तर कुणी नाही. आतल्या बाजूचा स्नायू फाटलेला असतो.

कोपरखैरणेकर
(आयडीला हसू नका, विषय कोपराचाच आहे.) खापर खेळावर नको, गटिंगवर, म्हणजे रॅकेटच्या जाळीवर, फोडा. टिकतं म्हणून पॉलिस्टर घालून घेतात, वर ५६ पौंड ताण. ते तुटत नाही, पण ताण सोडून मरतं. मग चेंडू जात नाही म्हणून माणूस आणखी जोर लावतो. हौशी हाताला मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांचं मऊ गटिंग), ५० पौंडांच्या आसपास, बास. ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत दुसऱ्या हाताचं एक बोट मावायला हवं. एकहाती बॅकहँडला चेंडू अंगापुढे घ्या. उशीर झाला आणि मनगट वाकलं की सगळा झटका कोपराबाहेरच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर.

संशयात्मा, नेरुळ
तेंडुलकरला २००४ मध्ये टेनिस एल्बो, म्हणजे याच कंडरेचं दुखणं, झाला, तो काय पॉलिस्टरने? कंडरेला पेलत नाही इतका भार, हे खरं कारण. गटिंग बदलून कंडरा बळकट होत नाही.

घोडबंदरकर
मग बळकट करा की. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत १ किलोचं डंबेल. दुसऱ्या हाताने वर उचला, ४ सेकंदांत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, ३ फेऱ्या. थोडं दुखलं तर चालतं; दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी करा. ६ ते १२ आठवडे लागतात. स्टेरॉइडच्या सुईने लवकर आराम पडतो, पण वर्षभरात दुखणं उलटायची शक्यता जास्त. आणि कोर्टवर आल्या आल्या सर्व्हिस नको: आधी १० मिनिटं सर्व्हिस लाइनच्या आत, जाळीजवळ, हलके फटके.

संशयात्मा, नेरुळ
हे करणार कोण? पावसाळ्यात चार महिने कोर्टवर शेवाळ. दसऱ्याला रॅकेटची पूजा, आणि त्याच दुपारी ऑक्टोबर हीटमध्ये तीन सेट.

कोपरखैरणेकर
त्या दिवशी डबल्स खेळा, अर्धा तास.

संशयात्मा, नेरुळ
अर्ध्या तासाच्या डबल्सने ९.७ वर्षं?