मदत हवी आहे : आईला घेऊन सोलापूरहून मालवणला

नमस्कार मंडळी. माझी आई ६८ वर्षांची आहे आणि तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. यंदा गड्डा यात्रा (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा) झाली की जानेवारीअखेरीस तिला मालवणला न्यायचंच, असं ठरवलंय. आम्ही पाच जण, त्यात दोन मुलं, स्वतःची गाडी, हातात चार दिवस.

सांगोला-मिरजेवरून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता ओळखीचा आहे. पुढं फोंडा घाटानं उतरावं की आंबोलीनं? आईला वळणांवर मळमळतं, म्हणून विचारतोय.

सिंधुदुर्ग किल्ला तिला दाखवायचाच आहे. १६६४ ला पाया घातलेला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, हे ऐकल्यापासून ती रोज विचारते. आम्ही दुष्काळी भागातले, तिला त्या विहिरींचंच अप्रूप जास्त. पण होडीत चढताना-उतरताना गुडघेदुखीच्या माणसाला कितपत जमतं? ओहोटीच्या वेळी जास्त त्रास होतो का?

मुलांना तारकर्लीला स्नॉर्कलिंग करायचंय. दहा वर्षांच्या मुलाला पाण्यात सोडावं का, अनुभव असलेल्यांनी स्पष्ट सांगा.

कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची लोककला) आणि कळसूत्री बाहुल्या बघायच्या आहेत. आधी कळवावं लागतं का? त्या दिवसांत एखाद्या गावच्या जत्रेत दशावतार, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, मिळाला तर रात्रभर बसायची तयारी आहे.

आई शाकाहारी आहे. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी घरगुती मिळेल असं देवबाग-तारकर्लीतलं ठिकाण सुचवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असेलच.