घरफोडी झालीय, नोटांवरचे ठसे मिळतात का? मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, सांगलीत विश्रामबागला घर आहे आमचं, गेल्या आठवड्यात सगळे मिरजेला लग्नाला गेलेलो तेवढ्यात कडीकोयंडा उचकटून चोर आत शिरले आणि आईच्या पाटल्या गेल्या. ठसेतज्ज्ञ आलेले, कपाटाच्या दारावर ब्रशनं पावडर मारून एक अंगठ्याचा ठसा टेपवर उचलून नेला, पण तो आमच्यातल्याच कुणाचा असला तर? घरच्यांचे ठसे वगळण्यासाठी आपणहून द्यायचे का?

दुसरं म्हणजे तुळशीपाशी शंभराच्या चार नोटा पडलेल्या सापडल्या, आमच्या नाहीत, मी त्या चिमट्यानं उचलून कागदी पाकिटात ठेवल्यात. आपल्या नोटेचा कागद कापसाचा, त्यावर निनहायड्रिन लावलं की घामातल्या अमिनो आम्लांमुळं ठसा जांभळा उमटतो एवढं माहितीय, पण नोट कितीतरी हातांतून फिरलेली, त्यातून चोराचा ठसा वेगळा काढता येतो का, आणि कोर्टात टिकतो का? पाकीट पोलिसांना देताना पंचनामा करायला सांगायचा ना? पाटल्या आजीच्या होत्या हो, आई दोन दिवस धड जेवली नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा.