मदत हवी आहे: ईसीबीसी (इमारतींसाठीचा ऊर्जाबचतीचा कोड) आपल्याला लागू आहे की नाही??

खिडकीवाला: अर्जंट आहे. क्लायंटचा सल्लागार म्हणतो राज्याची अधिसूचना निघालीय, ईसीबीसी सक्तीचा, काच कमी करा. परवानगी विभागातले साहेब म्हणतात आमच्या नियमावलीत असलं काही नाही, नेहमीचे नकाशे आणा. शुक्रवारी ड्रॉइंग द्यायचीत, फक्त हो की नाही सांगा.

गच्चीवर: कोणतं राज्य? राहती इमारत की ऑफिस? विजेचा लोड किती?

सूर्यपुत्र: छतावर सोलर टाका, विषय संपला.

गच्चीवर: सोलरचा काय संबंध? तो काचेबद्दल विचारतोय.

जुनी_फाईल: दोघंही खरं बोलत असतील, गंमत तीच आहे. ऊर्जा संवर्धन कायदा केंद्राचा, 2001 चा. कोड 2007 ला आला तो ऐच्छिक म्हणून, 2017 ला सुधारला. राज्याने आपल्या हवामानाप्रमाणे बदल करून तो लागू करायचा, ती अधिसूचना ऊर्जा खात्याची. पण परवानगी देते पालिका आणि ती बघते नगरविकासची नियमावली, त्यात कोड आला नाही तर अधिसूचना कपाटात पडून. तेलंगणाने ऑनलाइन परवानगीलाच कोडची तपासणी जोडली, बाहेरचे तपासनीस नेमले, म्हणून तिथे तो टाळता येत नाही.

हिरवा_कंदील: त्यापेक्षा ग्रीन रेटिंग (इमारत पर्यावरणपूरक असल्याचं मानांकन) घ्या, काही ठिकाणी जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकाम, मिळतो.

गच्चीवर: रेटिंग ऐच्छिक, कोड कायद्यातला. गल्लत नको.

हिरवा_कंदील: ऐच्छिक आहे ते लोक हौसेने घेतात, सक्तीचं आहे ते कुणी वाचत नाही, आता बोला.

मधला_मजला: राहत्या इमारतींसाठी इको निवास संहिता आहे, 2018 ची. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला 15 वॉटच्या आत हवी.

गच्चीवर: राहती आहे असं तो म्हणालाय का?

खिडकीवाला: ऑफिस आहे हो, चार मजली, समोरून पूर्ण काच. लोड 85 किलोवॉट.

जुनी_फाईल: हे आधी सांगायचं ना! केंद्राचा कोड 100 किलोवॉट कनेक्टेड लोड (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून) किंवा 120 केव्हीए कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी करारात ठरलेली मागणी) यापासून पुढे. तुम्ही त्यात बसत नाही. राज्याने मर्यादा खाली आणली असेल तर मात्र बसाल, म्हणून तर राज्य विचारतोय. आणि बसलात, आणि कोडच्या ठरावीक मर्यादा पाळायच्या नेहमीच्या पद्धतीने गेलात, तर काच भिंतींच्या 40 टक्क्यांच्या वर नाही.

सूर्यपुत्र: 85 ला सोलर झकास होईल.

खिडकीवाला: थँक्यू सर!! एकच शंका, लोडमध्ये एसी पण धरतात का?

जुनी_फाईल: म्हणजे 85 मध्ये एसी नाहीत??